नवऱ्याचं प्रस्थान

पासपोर्ट मागवल्याची मेल आली तेव्हा मी नंदेसरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. कॅनडात स्थायिक व्हायच्या अर्जाची मेल. जिच्यासाठी दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले होते, ती. इंग्रजीची परीक्षा माझी, पदवीची पडताळणी माझी, कारखान्यातला अनुभव माझा, गुण माझे. अर्जावर पहिलं नाव माझं. नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी ही माझ्याबरोबर येणारी माणसं. तिघांचे पासपोर्ट महिन्याभरात अहमदाबादच्या केंद्रावर जमा करा, व्हिसाचा शिक्का मारून देतो, एवढंच लिहिलं होतं. मी भर बसमध्ये रडायला लागले. शेजारी बसणारी लॅबमधली बाई घाबरली. "शूं थयूं, बेन? घरे बधूं बराबर छे ने?" म्हटलं, बराबर आहे गं बाई, सगळं बराबर आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. टाकीत दाब वाढला की घंटा वाजली पाहिजे आणि झडप आपोआप बंद झाली पाहिजे, हे बघणं माझं काम. हातात तिकडची नोकरी नव्हती. जाऊन शोधायची होती, आणि ती मिळेल याची मला खातरी होती. इथे मी ज्याला वायर कुठली कुठे जोडायची ते शिकवलं तो माझा साहेब होऊन बसला होता, कारण काय, तर "मॅडमना संध्याकाळी घरी जायची घाई असते." अरे, मॅडमना घाई असते कारण मॅडमच्या घरी कणीक मॅडमच मळतात! असो. त्या नोकरीचा राग वेगळा, तो काढत बसले तर हे लिहून व्हायचं नाही.

बातमी सोसायटीत पसरली. बडोद्यात परदेशी जाणं काही नवलाचं नाही, प्रत्येक जिन्यात एक घर तरी असं असतंच. पण अभिनंदन कुणाचं व्हावं? माझ्या नवऱ्याचं. समोरचे काका त्याचा हात धरून हलवत राहिले. "वाह भाई, फॅमिलीला पण घेऊन चाललास, सरस!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तिकडे कामवाली नाही मिळत हां. भांडी स्वतः घासावी लागतात." जसं काही मी कॅनडाला भांडी घासायच्याच परीक्षेत पास झाले होते. आमच्यात परदेशी पुरुष जातो, बाईला नेतात. सोबत लोणच्याची बरणी नेतात तशी.

नवरा हसायचा. "अहो, ही चाललीय, मी आपला हिच्यामागून," असं एकदाही म्हणाला नाही. तेव्हा मला वाटायचं, स्वभावच गरीब आहे बिचाऱ्याचा. तो इथल्या एका खासगी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही म्हणतात. माझ्या आईला तर जावयाचं कोण कौतुक. "तुझ्यासारख्या तोफेला असाच माणूस हवा होता." गरीब स्वभाव! खड्ड्यात गेला तो गरीब स्वभाव.

अभिनंदनातच दोन आठवडे गेले, मग एका संध्याकाळी मी कपाटाचा खण उघडला. माझा पासपोर्ट होता. मुलीचा होता. त्याचा नव्हता.

त्यानंतरचा आठवडा आठवला की अजून डोकं फिरतं. घरातलं एक भांडं सरळ ठेवलं नाही मी. माळ्यावरच्या बॅगा काढल्या, मुलीची जुनी दप्तरं झाडली, गव्हाच्या पिंपातसुद्धा हात घालून बघितला, कारण माणूस वेडा झाला की गव्हात पासपोर्ट शोधतो. नवरा माझ्याबरोबर शोधत होता. हे नीट लक्षात ठेवा. गादी उचलली तेव्हा एक टोक मी धरलं होतं, दुसरं त्याने. वाकून पलंगाखाली मोबाइलची बॅटरी मारत होता. "मिळेल गं. जाईल कुठे?" मी रडकुंडीला आले की पाणी आणून द्यायचा. हरवल्याची तक्रार करून नवा पासपोर्ट काढायचा, तर मुदत निघून जायची. मी कामावर घंटा आणि झडपा बघत होते आणि डोक्यात एकच: कुठे ठेवला, कुठे ठेवला.

माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, तेव्हा करजणला भाच्याच्या घरच्या लग्नाला गेले होते. लग्नघरात कशाला काळजी, म्हणून मी त्यांना काही कळवलं नव्हतं. आठवड्याने परत आले. घराची ती अवस्था बघून म्हणाले, "रंगकाम काढलं की काय?" मी सांगितलं, तुमच्या मुलाचा पासपोर्ट हरवलाय. तर आबा हसले. अगदी खूश होऊन हसले.

"अगं, हरवतोय कुठे? मी प्रस्थान ठेवलंय त्याचं. पाठवलाय सावली गावाला, आक्काकडे."

आता हे प्रस्थान म्हणजे काय ते सांगायला हवं. मुहूर्त एका दिवसाचा आणि गाडी दुसऱ्या दिवसाची असली, तर मुहूर्तावर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे प्रवास निघाला. मग माणूस सवडीने निघतो आणि वाटेत ती उचलतो. आबांचे पूर्वज इथल्या संस्थानात शिलेदार होते, आणि घरात अजून त्याचा तोरा आहे. स्वारीवर निघायचं झालं की आधी तलवार घराबाहेर पडायची म्हणे. गुरुजींनी आबांना सांगितलं होतं की आजचा मुहूर्त आहे, पुढे दोन महिने चांगला दिवस नाही. मग आबांनी विचार केला: आता तलवार कुठून आणायची? परदेशी जाणाऱ्याची तलवार म्हणजे पासपोर्ट! दिशासुद्धा बघितली होती. नातीने त्यांना मोबाइलवर दाखवलं होतं की कॅनडाचं विमान वर उत्तरेकडून जातं. बडोद्याच्या उत्तरेला आपलं कोण? सावलीची आक्का, त्यांची बहीण, आमच्या आत्याबाई. लाल फडक्यात सुपारी, हळदकुंकवाच्या अक्षता, मुलाचा एक शर्ट आणि पासपोर्ट. बांधलं गाठोडं.

सापडला म्हणून जिवात जीव आला, हे खरं. पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात दुसरंच काही पेटलं.

"आणि माझं प्रस्थान, आबा?"

"तुझं?" ते खरोखर गोंधळले. "घरधन्याचं ठेवलं की सगळ्यांचं झालं."

"अहो, अर्ज माझा आहे. मी गेले नाही तर याला कुणी विमानाच्या पायरीवर पाय ठेवू देणार नाही. मी न्यायची याला, मी!"

"तेच गं ते," आबा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

तेच गं ते! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दोन वर्षं पहाटे उठून इंग्रजीचे निबंध लिहिले मी, आणि तलवार निघाली कुणाची, तर ज्याने म्यानसुद्धा कधी पुसलं नाही त्याची. तरी आबांचं एक आहे. त्यांच्या मनात जे असतं ते तोंडावर असतं. त्यांच्याशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नवऱ्याला म्हटलं, चल सावलीला. तर पेपर तपासायचेत, मग डोकं दुखतंय, मग "आणतो ना मी रविवारी, तू कशाला दगदग करतेस." मी म्हटलं, गाडीत बस. गाडी मीच चालवते. माझा आणि मुलीचा पासपोर्ट मी आता घरी ठेवतच नव्हते, पर्समध्येच घेऊन फिरत होते. सावलीपर्यंत तो मोबाइलमध्ये डोकं घालून होता. मला वाटलं, वडिलांच्या वेडेपणाची लाज वाटत असेल.

आत्याबाई सावलीत इतकी वर्षं राहिल्यात की त्यांची मराठी अर्धी गुजराती झालीय. दारातच म्हणाल्या, "बेस ने, बेस. चा मूकते. केटलं ऊन आहे!" मी म्हटलं, चहा नंतर, आधी ते गाठोडं द्या, महिन्याची मुदत संपत आलीय. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं. गाठोडं तिथेच होतं, वर एक फूल वाहिलेलं.

"ते नाय देता येत, बेटा. प्रस्थान परत घरी नेत नाहीत. नेलं की प्रवास मोडला समज."

"आत्याबाई, पासपोर्ट जमा नाही केला तर प्रवासच नाही!"

"ए ज तर मी पण म्हटलं त्या दिवशी. म्हटलं, अरे, हे लागणार ना तुला? तर म्हणे, नाय लागत, राहू दे. कोणी घ्यायला आलं तर देऊ नको."

"कोण म्हणालं?"

"आ ज ने, बीजूं कोण?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "हाच तर घेऊन आला होता, स्कूटरवर."

नवरा अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत होता. चांगलं निरखून बघत होता.

मी ओरडले नाही. माझं मलाच नवल वाटतं. एरवी दूधवाल्याने पाणी घातलं तरी तीन मजले ऐकतात माझा आवाज. पण तेव्हा मी पर्सची चेन उघडून आतले दोन पासपोर्ट जागेवर आहेत ना, ते बघितलं. आत्याबाई काय ते समजल्या. त्यांनी उठून देवापुढचं गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं, त्याच्या नाही. "घेऊन जा. पण घरी नको नेऊस. हींयाथीच पुढे जा." म्हणजे इथूनच सरळ अहमदाबादला. चहा तसाच राहिला.

गाडीत बसल्यावर ओरडले. "गादीचं टोक धरून उचलत होतास माझ्याबरोबर!"

"आबांनी सांगितलं म्हणून नेला."

"आबांनी न्यायला सांगितलं. लपवायला कुणी सांगितलं?"

त्याने सीटबेल्ट लावला. मूग गिळून बसणं म्हणतात ते हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखू आणि एरंडाची शेतं, वाऱ्यावर हलणारी, आणि गाडीत आम्ही दोघं. हायवेच्या चौकात आलो. एका बाजूला बडोदं, दुसऱ्या बाजूला अहमदाबाद. मी पपईवाल्याच्या हातगाडीशेजारी गाडी थांबवली, किल्ली फिरवून बंद केली आणि म्हटलं, बोल.

मग बोलला, समोरच्या काचेकडे बघत. "तिकडे मी काय करणार? तू जाशील कामाला. इथे चार मुलं सर म्हणतात मला. तिथे काय, दुकानात खोकी उचलू? आणि आबा एकटे."

हे काही चुकीचं नव्हतं. माझ्यावरही अशी वेळ आली असती तर मीही घाबरले असते. मी तेच म्हटलं, "हे तू मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या खुशीत होतीस."

"मग नंतर सांगायचंस!"

"मला वाटलं, होणारच नाही." हे मात्र त्याने पटकन सांगितलं. "आधी वाटलं, परीक्षेत एवढे गुण नाही मिळणार. मग वाटलं, वय आडवं येईल. मग वाटलं, मेडिकलमध्ये तुझी शुगर निघेल. आपोआपच थांबेल म्हटलं. उगाच ‘नाही’ कशाला म्हणा."

मला हे आतपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. दोन वर्षं हा माणूस माझ्या नापास होण्याची वाट बघत होता. पहाटे मी निबंध लिहायला बसले की चहा करून देणारा, परीक्षेला सेंटरपर्यंत सोडायला येणारा, निकाल लागल्यावर धावत जाऊन पेढे आणणारा. प्रत्येक पेढ्याबरोबर त्याची एकेक आशा संपत होती आणि तो मला पेढा भरवत होता. अरे, शत्रू असता तर मला कळलं तरी असतं! ‘नाही’ म्हणायला एक शब्द लागतो. आमच्याकडे त्याला दोन वर्षं, एक मुहूर्त, एक गाठोडं आणि सावलीची म्हातारी लागली.

"आता तरी सांग," मी म्हटलं. "अहमदाबाद की बडोदं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते त्याचे, ते मी नाकारत नाही. आणि म्हणाला, "तू ठरव."

तू ठरव! लग्नानंतर पडद्याच्या रंगापासून मुलीच्या शाळेपर्यंत हेच ऐकत आले मी. आणि ठरवलं की बाहेर सगळ्यांना सांगायला मोकळा, "हिचंच चालतं बाबा आमच्याकडे." मी मागच्या सीटवरचं गाठोडं उचललं, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, उतर.

तो उतरला. वाद नाही, विचारणं नाही, दारसुद्धा आवाज न करता लावलं. शटल रिक्षा आली, त्यात दाटीवाटीने बसला आणि बडोद्याकडे गेला. मी अहमदाबादला गेले. तिकडच्या काउंटरवरच्या मुलीने दोन पासपोर्ट बघून विचारलं, "अने हसबंडनो?" म्हटलं, ए नथी आवता. येत नाहीत. पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते वाक्य, तेही गुजरातीत, एका अनोळखी मुलीला.

घरी आल्यावर आबा दिवाणखान्यात डोक्याला हात लावून बसले होते. प्रस्थान परत घरात आलं होतं. त्यांच्या लेखी स्वारी बुडाली होती, आणि ती मी बुडवली होती. "तू सोडलंस त्याला वाटेत," एवढंच म्हणाले. मी काय सांगणार? मुलाने सांगायचं होतं, तो आत जाऊन आंघोळीला बसला होता. सोसायटीत आबांनी सांगितलं की कॉलेजने रजा दिली नाही, तो मागून जाईल. अजून तेच सांगतात. आता मी कॅनडाहून सुटीत बडोद्याला आले की समोरचे काका विचारतात, "मग, साहेब केव्हा निघतायत?" आणि साहेब तिथेच उभे राहून हसत असतात.

मुलीने त्याला एकदा सरळ विचारलं होतं. "बाबा, तू येणार ना?" तो म्हणाला, "बघू या." ती स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "म्हणजे नाही." नऊ वर्षांच्या पोरीला जे एका दमात कळलं, ते मला कळायला इतकी वर्षं लागली.

पासपोर्ट देऊन आल्यावर, नवरा येत नाही असं मी कॅनडाला कळवलं होतं. तिकडून उलट पत्र आलं: मुलीला घेऊन येत असाल तर तिच्या वडिलांची संमती पाठवा, नोटरीसमोर सही केलेली. वाचलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आता बोलेल. माझ्यासाठी नाही बोलला, ठीक आहे. पासपोर्ट लपवणं एक, पण पोटच्या पोरीला सातासमुद्रापार पाठवायच्या कागदावर कुठला बाप गपचूप सही करेल? तिला शाळेच्या सहलीला पाठवतानासुद्धा बस सुटेपर्यंत खिडकीशी उभा असायचा हा माणूस.

कोर्टाबाहेर झाडाखाली नोटरी बसतात, टेबलं मांडून. आम्ही तिघं गेलो नाही, दोघंच गेलो. मुलगी शाळेत होती. नोटरीने कागद पुढे सरकवला. नवऱ्याने खिशातून पेन काढलं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. मनातल्या मनात ओरडत होते: बोल. टाक ते पेन. विचार मला, माझ्या मुलीला कुठे घेऊन चाललीस. सगळ्या कोर्टासमोर माझी लाज काढ, चालेल. एकदा म्हण, जाऊ नको. म्हणाला असता तर देवाशप्पथ सांगते, मी तो कागद तिथल्या तिथे फाडला असता आणि उद्यापासून पुन्हा नंदेसरीची बस पकडली असती.

त्याने सही केली. नोटरीलाच राहवलं नाही. "साहेब, एक वार वांची तो लो." एकदा वाचून तरी घ्या.

"बराबर ज हशे," नवरा म्हणाला. बरोबरच असेल. आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

नोटरीने शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात देत कौतुकाने म्हणाला, "बेन, तमे नसीबदार छो. आटला समजू मिस्टर बधाने नथी मळता."

इतका समजूतदार नवरा सगळ्यांना मिळत नाही म्हणे.